कावळा, फांदी आणि आपलें मन

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे कालपरवांपर्यंत ज्यास आपण अहमदनगर जिल्हा म्हणत होतों त्या जिल्ह्यांत, राहुरी तालुक्यांत ताहाराबाद नांवाचें एक लहानसें गांव आहे. ज्या घरांतून चातुर्मासांत 'भक्तविजय' वाचला जातो त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस हें नांव नवें नाहीं. संतचरित्रकार महिपतिबोवा हे ह्याच गांवचे. त्यांचा जन्म १७१५ चा आणि निर्याण १७९० चें. घराणें ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मणाचें. गांवचें कुळकर्ण त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेलें. कुळकर्णी म्हटला म्हणजे कानावर लेखणी आणि काखेंत दप्तर हें ठरलेलेंच.

ह्या महिपतिबोवांची एक हकीकत परंपरेनें चालत आली आहे. सांगणारागणिक तपशिलांत थोडाफार फरक पडतो, परंतु गाभा तोच राहतो. एके दिवशीं स्नान आटोपून बोवा देवपूजेस बसले असतां कचेरींतून शिपाई बोलावणें घेऊन आला. पूजा संपवून येतों, असें त्यांनीं सांगितलें. शिपायास तें रुचलें नाहीं. तो उर्मटपणें बोलला. बोवा उठले, कचेरींत गेले, जें काम होतें तें पुरें करून दिलें, आणि घरीं परत येऊन त्यांनीं आपली लेखणी पांडुरंगाच्या पायांपाशीं ठेविली. यापुढें हिनें संतांचीं चरित्रें लिहावयाचीं, कचेरीचा कागद लिहावयाचा नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. १७६२ सालीं ५७ अध्यायांचा 'भक्तविजय' पुरा झाला आणि १७७४ सालीं ५१ अध्यायांचें 'भक्तलीलामृत'. नामदेव, एकनाथ, दामाजी यांच्या ज्या कथा मराठी मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या आजीच्या मांडीवर बसून ऐकल्या, त्यांपैकीं कितीतरी ह्याच लेखणींतून उतरलेल्या आहेत.

ह्या हकीकतींत आम्हांस विशेष वाटतें तें असें कीं, हिच्यांत चमत्कार मुळींच नाहीं. महिपतिबोवांच्या ग्रंथांत चमत्कारांस तोटा नाहीं. तेथें प्रत्यक्ष पांडुरंग विठू महाराचें रूप घेऊन दामाजीपंतांचा पैका बेदरास भरून येतो, आणि श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरीं पाणी वाहतो. परंतु ज्या प्रसंगानें बोवांच्या स्वतःच्या आयुष्याचें पान उलटलें तो प्रसंग अगदीं साधा आहे. पूजेची वेळ आणि कचेरीचें बोलावणें ह्या दोन गोष्टींची एकच गांठ पडली, एवढेंच. कुळकर्ण्यास अवेळीं बोलावणीं येणें ही नित्याची बाब. शिपायानें उर्मटपणें बोलणें ही तर त्याहूनही नित्याची. असलीं बोलावणीं त्या दारावर पूर्वीं पुष्कळ आलीं असतील. मग त्याच दिवशींच्या बोलावण्यांत असें काय होतें कीं त्यानें एक माणूस आमूलाग्र बदलून जावा?

योगायोगांत अर्थ असतो काय, आणि असल्यास तो कोठें असतो, हा प्रश्न आमच्या मतें याच ठिकाणीं नीट विचारतां येतो.

आपल्या पूर्वजांनीं ह्या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वींच ओळखिली होती. कावळा ताडाच्या झाडावर बसावयास आणि ताडाचें फळ गळावयास एकच गांठ पडावी, ह्यावरून त्यांनीं 'काकतालीय' असा शब्द केला. पाणिनीय व्याकरणाच्या टीकाकारांनीं तो उदाहरण म्हणून दिलेला आहे. लांकूड पोखरतां पोखरतां किड्याकडून अक्षरासारखी आकृति उमटते, तो 'घुणाक्षर' न्याय. किड्यास लिहितां येत नाहीं आणि कावळ्याच्या भारानें फळ पडत नाहीं, हें ह्या शब्दांतच सांगून ठेविलें आहे. मराठी माणसानें ताड काढून टाकला आणि 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' असें म्हणून तोच न्याय माजघरांत आणून ठेविला. असें असूनही त्याच माजघरांत कोणाचें नांव निघावें आणि तोच गृहस्थ दारांत उभा राहावा, तर आपण 'शंभर वर्षें आयुष्य आहे तुम्हांला!' म्हणून त्याचें स्वागत करितों. आतां तो दारांत येण्याऐवजीं त्याचा दूरध्वनि वाजतो, आणि बोलणें तेंच राहतें. म्हण एक सांगते आणि जीभ दुसरें बोलते. हा विसंवाद अज्ञानाचा नव्हे. मनास दोन्ही गोष्टी हव्या असतात.

गणिताची बाजू थोडक्यांत सांगून टाकूं, कारण ती निर्विवाद आहे. पंक्तीस २३ पानें मांडलीं तर त्यांतील कोणा दोघांचा जन्मदिवस एकच निघण्याचा संभव निम्म्याहून किंचित् अधिक असतो. ५० पानें असलीं तर तो शेंकडा ९७ वर जातो. दुसरें उदाहरण स्वप्नांचें घ्या. रात्रीं पडलेलें स्वप्न दुसऱ्या दिवसाच्या घटनेशीं निव्वळ अपघातानें जुळण्याचा संभव दहा हजारांत एक एवढाच धरिला, तरी वर्षाच्या ३६५ रात्रीं गणितांत घेतां, तीस हजार वस्तीच्या एखाद्या गांवांत दरवर्षीं हजाराहून अधिक माणसांस आपलें स्वप्न खरें झाल्याचा अनुभव यावयास पाहिजे. जुळलेलें स्वप्न सांगितलें जातें. न जुळलेलीं लक्षावधि स्वप्नें चहा उकळेपर्यंत विसरलीं जातात.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु गणित सांगतें तें 'किती वेळां' ह्या प्रश्नाचें उत्तर. हजार माणसांपैकीं नऊशें माणसें स्वप्न जुळलें म्हणून दोन घटका नवल करितात आणि कामास लागतात. एखादी बाई मात्र त्या स्वप्नानें आठ दिवस अन्नावरून उठते. तिलाच तें कां लागलें, ह्याचा जबाब गणिताच्या वहींत नाहीं. तो तिच्या मनांत शोधावा लागतो. आणि मनाच्या तळाशीं उतरून पाहणारें जें शास्त्र गेल्या शतकाच्या आरंभीं युरोपांत उदयास आलें, त्याची ह्या कामीं मदत होते.

ह्या शास्त्राचा आद्य प्रवर्तक फ्रॉइड. नित्याच्या बोलण्याचालण्यांतील चुका, विसर, जीभ घसरणें यांवर त्यानें लिहिलेलें विवेचन १९०१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यानें स्वतःचा एक अनुभव सांगितला आहे. नव्वदी उलटलेल्या एका वृद्ध बाईकडे तो वैद्य म्हणून जात असे, आणि ह्या बाई आणखी किती दिवस काढतील असा विचार त्याच्या मनांत साहजिकच येई. एके दिवशीं तो घाईंत होता म्हणून त्यानें भाड्याची गाडी केली. गाडीवानास घर ठाऊक होतें. तरीही त्यानें गाडी शेजारच्या समांतर रस्त्यावर त्याच क्रमांकाच्या दुसऱ्याच घरापुढें नेऊन उभी केली. फ्रॉइड विचारतो, ज्या घरांत ती बाई नाहीं त्या घरापुढें मला नेलें गेलें, हा अपशकुन समजावा काय? आणि तो स्वतःच उत्तर देतो कीं, नाहीं. गाडीवानाच्या चुकीशीं माझ्या मनाचा कांहीं संबंध नाहीं. मात्र मी स्वतः पायीं निघालों असतों आणि विचारांच्या तंद्रींत त्या चुकीच्या दारापुढें जाऊन उभा राहिलों असतों, तर ती चूक अर्थपूर्ण ठरली असती. तिनें भविष्य सांगितलें नसतें. ह्या बाई आतां फार दिवस राहणार नाहींत ही माझ्या मनांत दडलेली धास्ती तिनें उघड केली असती.

आम्हांस हा भेद फार मोलाचा वाटतो. बाहेरच्या जगांत अपघात असतात, ही गोष्ट फ्रॉइड मान्य करितो. मनाच्या आंत अपघात असतात, ही मात्र तो मानीत नाहीं. शकुन पाहणारा नेमकें याच्या उलट करितो. आपल्या हातून घडलेलें तो सहज झालें म्हणून सोडून देतो, आणि मांजर आडवें गेलें तर त्यांत हेतु पाहतो.

आतां हीच कसोटी ताहाराबादच्या हकीकतीस लावून पाहा. शिपाई आला, हा गाडीवानाचा भाग. त्यांत शोधण्यासारखें कांहीं नाहीं. लेखणी देवापुढें ठेविली गेली, हा बोवांचा स्वतःचा भाग. अर्थ आहे तो तेथें आहे. तुकोबांच्या निर्याणानंतर सुमारें ६५ वर्षांनीं जन्मलेल्या महिपतींनीं तुकोबांस आपले गुरु मानिलें, आणि तुकोबांनीं स्वप्नांत येऊन आपणांस उपदेश केला अशी त्यांची श्रद्धा होती. खुद्द तुकोबांसही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांतच झालेला. ज्याच्या स्वप्नांत तुकोबा येतात आणि ज्याचे दिवस जमाखर्च लिहिण्यांत जातात, त्याच्या अंतर्मनांत केवढी ओढाताण असेल! दिवसाची लेखणी आणि रात्रीचा गुरु यांचा तंटा आंत चालूच असला पाहिजे. शिपायानें नकळत केलें तें एवढेंच कीं, जो तंटा आंत चालला होता तो त्यानें उंबरठ्यावर आणून उभा केला. एरव्हीं पुढें ढकलतां येणारी निवड त्या घटकेस करावीच लागली.

फ्रॉइडचा काही काळचा सहकारी आणि पुढें त्याच्यापासून वेगळा झालेला स्वित्झर्लंडचा मनोवैद्य कार्ल युंग ह्याची मजल मात्र याहून पुढें गेली. युंग आपल्या देशांत येऊन गेला होता. इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणावरून १९३७ च्या अखेरीस तो आला, मुंबईस उतरला, आणि कलकत्त्यास आजारी पडून कांहीं दिवस रुग्णालयांतही राहिला. योगायोगांविषयीं त्यानें पुष्कळ वर्षें मनांत घोळविलेला विचार १९५१ सालीं व्याख्यानांतून मांडला, आणि १९५२ सालीं वोल्फगांग पाउली ह्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या निबंधाबरोबर एकाच पुस्तकांत छापून प्रसिद्ध केला. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाहीं, तरी अर्थाचा संबंध आहे, अशी त्यांची गांठ पडते. ह्यास त्यानें 'सिंक्रोनिसिटी' असें नांव दिलें. आपण त्यास 'सार्थ योगायोग' म्हणूं.

त्याचें प्रसिद्ध उदाहरण एका सुशिक्षित स्त्रीचें आहे. ती त्याच्याकडे मानसोपचारासाठीं येत असे; परंतु तिचा तर्क इतका कडेकोट होता कीं उपचार आंत शिरेना. एके दिवशीं ती आपलें स्वप्न सांगत होती: कोणीतरी तिला सोन्याचा भुंगा, प्राचीन मिसर देशांत पुनर्जन्माचें चिन्ह मानला जाणारा तो भुंगा, दागिना म्हणून दिला होता. इतक्यांत पाठीमागच्या खिडकीच्या कांचेवर टकटक झाली. युंगानें उठून खिडकी उघडली, आंत आलेला कीटक हातांत धरिला. तो सोनेरी-हिरव्या रंगाचा, त्या भुंग्याशीं मिळताजुळता असा त्या देशांतला भुंगा निघाला. 'हा घ्या तुमचा भुंगा,' असें म्हणून त्यानें तो तिच्या हातीं दिला. आणि जो बंधारा महिनोन्‌महिने फुटत नव्हता तो त्या दिवशीं फुटला.

गोष्ट सुरेख आहे. परंतु तिच्यावरून जगाच्या रचनेंत अर्थाचे अदृश्य धागे विणलेले आहेत असें जें अनुमान युंग काढूं पाहतो, तें आम्हांस पटत नाहीं. भुंगे खिडक्यांवर नेहमींच आपटतात. जन्मभर रोग्यांचीं स्वप्नें ऐकणाऱ्या वैद्याच्या खोलींत एखादे दिवशीं भुंग्याचें स्वप्न आणि भुंगा एकत्र यावयाचेच. ह्या गोष्टींत आमचें लक्ष वेधतें तें भुंग्याकडे नव्हे, तर खिडकीकडे. वैद्यानें उठून ती उघडली. बाई आंतून थकलेली होती, आपल्याच तर्काच्या कोंडींतून सुटावयास आतुर झालेली होती. तिला एक निमित्त हवें होतें, आणि तें हातावर ठेवण्याइतका तो वैद्य सावध होता.

युंगाच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र शंका घेण्याचें कारण नाहीं. पत्रिका जुळविण्याचा विषय आमच्या वाचकांच्या घरोघरीं येतो, म्हणून त्याच्या एका प्रयोगाची हकीकत येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. त्यानें विवाहित जोडप्यांच्या पत्रिका गोळा करून त्यांतील ग्रहयोग तपासले. पहिल्या १८० जोडप्यांत, ज्योतिषी लोक पूर्वापार शुभ मानीत आलेला चंद्र-सूर्यांचा एक योग ठळकपणें वर आला. त्याला आनंद झाला. पुढें २२० आणि ८३ जोडप्यांचे आणखी दोन गठ्ठे तपासले, तों प्रत्येक गठ्ठ्यांत निराळाच योग वर आला. आणि सर्व ४८३ जोडपीं एकत्र घेतांच हे सारे योग निव्वळ अपघाताच्या मर्यादेंत विरून गेले. युंगानें हें स्वतःच छापलें, आणि प्रत्येक वेळीं शोधणाऱ्याच्या अपेक्षेस साजेसें फळ पुढें आलें हाच एक योगायोग आहे, असें म्हणून तो मोकळा झाला! आमच्याकडे २००८ सालीं जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्यास केलेली परीक्षा अधिक रोखठोक होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिकांतून ज्योतिष्यांस प्रत्येकीं चाळीस पत्रिका देऊन, कोणती कोणाची हें ओळखावयास सांगितलें. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांचें यश सरासरीनें शेंकडा ४६ भरलें. नाणें उडविलें असतें तर ५० भरलें असतें.

ग्रहांची गोष्ट निघालीच आहे तर राहुरीसंबंधीं एक लोककथा आठवते. नेवाशास मोहिनीरूप विष्णूनें राहूचा शिरच्छेद केला, तेव्हां शिर पडलें तें गांव राहुरी आणि काया पडली तें कायगाव, असें ह्या प्रांतीं सांगतात. तोच राहू ग्रहणांत सूर्यास गिळतो. आतां सूर्य चंद्राहून व्यासानें सुमारें ४०० पट मोठा आहे, आणि पृथ्वीपासून चंद्राहून सुमारें ४०० पटच दूर आहे. म्हणूनच दोघांचीं बिंबें आपणांस जवळजवळ सारखीं दिसतात आणि खग्रास ग्रहणांत एक दुसऱ्यानें नेमका झांकला जातो. मानवी डोळ्यांस दिसणारा याहून मोठा योगायोग आम्हांस ठाऊक नाहीं. पण ह्या चारशेंच्या आंकड्यांत स्वतःकरितां निरोप शोधणारा मनुष्य कोणी पाहिला आहे काय? तो आंकडा कोणाच्याच दुखऱ्या जागेस लागत नाहीं. उलट, बारशाच्या दिवशीं दाराशीं फुटलेली कपबशी एखाद्या आजीच्या मनांत वर्षभर सलते.

ह्या सलण्याचीच दुसरी बाजू आतां सांगितली पाहिजे, आणि ती सांगतांना लेखणी जड होते. नवी सून उंबरठा ओलांडून आंत येते आणि महिन्याच्या आंत सासरा जातो. सासऱ्याचें दुखणें दोन वर्षांचें असतें. वैद्यांनीं आशा सोडलेली असते. लग्नाची घाईदेखील त्याच कारणानें झालेली असते. हें सर्व ठाऊक असलेल्या घरांत कोणीतरी कुजबुजतें, 'पांढऱ्या पायाची'. मूल जन्मास येतें आणि शेतीचा निकाल विरुद्ध जातो; लगेच तें मूळ नक्षत्रावरचें म्हणून ओळखलें जाऊं लागतें. आमच्या समाजांतील विधवांनीं, परित्यक्तांनीं आणि मंगळाच्या मुलींनीं ह्या योगायोगांच्या अर्थापायीं जें सोसलें आहे त्याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं. सुशिक्षित घरांत हे शब्द आतां मोठ्यानें उच्चारले जात नाहींत. पण दृष्टीनें ते अजून बोलले जातात.

येथेंही अर्थ लावणारें मन तेंच असतें. दोरीवर सर्प भासतो हें वेदान्त्यांनीं सांगितलें; दिसलेला सर्प ज्याच्या त्याच्या भीतीच्या जातीचा असतो, ही भर मनोविश्लेषणानें घातली. ज्या घरास आपल्या कर्त्या पुरुषाचें मरण सोसवत नाहीं, तें घर तो असह्य भार सर्वांत नव्या आणि सर्वांत निराधार माणसाच्या डोक्यावर ठेवून मोकळें होतें. सुनेच्या पायांत पाहिलेला अशुभपणा हा त्या घराच्या स्वतःच्या भयाचा चेहरा होय. ह्यास ह्या शास्त्रांत प्रक्षेपण असें म्हणतात. आणि युंगानेंच तें विस्तारानें समजावून दिलें आहे, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

तेव्हां महिपतिबोवांच्या घरीं आलेला शिपाई आणि ही सून यांतला फरक पाहावा. बोवांस जो अर्थ लागला तो त्यांच्या स्वतःकडून कांहीं मागणारा होता. पिढीजात वृत्ति सोडण्याची किंमत त्यास होती. शिपाई अमंगळ आहे, असें त्यांनीं म्हटल्याचें कोणी सांगत नाहीं. सुनेच्या घरांत लावलेला अर्थ सगळ्यांकडून भार उतरवून एकीवर टाकणारा होता. योगायोगाचा अर्थ खरा कीं खोटा हें ठरविण्यास आम्हांस यापेक्षां सरस परीक्षा सांपडलेली नाहीं. तसेंच, ज्या अर्थांतून धनलाभ, यश किंवा दुसऱ्याचें वाईट निघतें, त्याकडे आम्ही प्रथम संशयानें पाहतों; मनास खुशामत फार आवडते.

आपल्याकडे एक विधि असा आहे कीं त्यांत हा सगळा विषय एका झाडाखालीं उभा राहतो. तो म्हणजे दहाव्या दिवशींचा काकस्पर्श. काकतालीय न्यायांतला कावळा येथें पुन्हां येतो. पिंड मांडून सर्वांनीं दूर उभें राहावयाचें. कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची कांहीं इच्छा राहिली आहे असें समजून, ती कोणती असेल तें आठवावयाचें आणि पुरी करण्याचें वचन द्यावयाचें. कावळ्यापायीं क्रिया अडूं नये म्हणून शेवटीं दर्भाचा कावळा करून तो पिंडास लावण्याचीही सोय आहे; परंतु ती सोय असूनही लोक ताटकळत उभे राहतात, आणि त्या ताटकळण्यांतच ह्या विधीचें मर्म आहे. गेलेल्याची इच्छा काय होती हें कोण जाणे! जिवंतांच्या मनांत काय टोंचत आहे तें मात्र त्या उन्हांत एकामागून एक बाहेर पडतें. मनोवैद्याच्या खोलींत शब्दामागून शब्द काढून घेतात, तसेंच तें असतें.

तीनचार वर्षांपूर्वीं राहुरीस, मुळेच्या कांठीं, एका परिचित घराच्या दशक्रियेस आम्ही गेलों होतों. गेलेल्या बाई ऐंशीच्या घरांतल्या. थोरला मुलगा गांवांतच राहणारा, मुलगी सासरहून आलेली, धाकटा पुण्यास. घराच्या वाटणीवरून दोघां भावांचें बोलणें बंद होऊन सहा वर्षें झालीं होतीं. धाकटा अंत्यविधीस आला, त्यानें खांदा दिला, आणि कोणाशीं न बोलतां त्याच दिवशीं परत गेला. दहाव्या दिवशीं तो नव्हता.

पिंड मांडले. समोरच्या बाभळीवर पांचसहा कावळे होते. परंतु एकही खालीं उतरेना. ऊन चढूं लागलें. सूनबाईंनीं हात जोडून सांगितलें कीं, नातीचें लग्न तुमच्या मनासारखें करूं. कोणाला अधिक महिन्याचें राहिलेलें वाण आठवलें. कोणाला पंढरीची राहिलेली वारी. कावळे मान वांकडी करून पाहत आणि पुन्हां चोंच फांदीस घांशीत. गुरुजींनीं दर्भाकडे हात नेला होता, इतक्यांत मुलगी पुढें झाली आणि म्हणाली, "आई, तुझी तुळस मी घेऊन जातें ग. रोज पाणी घालीन." त्याच क्षणीं एक कावळा खालीं आला आणि त्यानें पिंडावर चोंच मारली. मंडळींनीं सुस्कारा टाकला. माय-लेकींची माया शेवटपर्यंत खरी, असें जो तो म्हणूं लागला.

परत येतांना थोरले आमच्याबरोबर चालत होते. पुलाजवळ आल्यावर ते हलक्या आवाजांत म्हणाले, "ताईच्या बोलण्यानें कावळा शिवला असें सगळे म्हणतात, म्हणोत. पण ती बोलत होती तेव्हांच मी मनांत म्हटलें होतें, आई, मी पुण्यास जातों, त्याला घेऊन येतों. मोठ्यानें बोलण्याचा धीर झाला नाहीं, इतकेंच."

कावळा एक, आणि तो दोघांसाठीं खालीं आला! तिघाचौघांसाठींही आला असेल; सगळ्यांचीं मनें कोणीं विचारलीं? आमच्यापुरतें आम्ही जाणतों कीं त्यास भूक लागली होती आणि माणसें पुरेशीं मागें सरलीं होतीं. परंतु ही गोष्ट थोरल्यांस त्या वेळीं सांगण्यांत कांहीं शहाणपण होतें असें आम्हांस वाटलें नाहीं. त्यांस कावळ्यानें नवें असें कांहींच कळविलें नव्हतें. सहा वर्षें जें वाक्य त्यांच्या घशांत अडकलें होतें तें त्यांचेंच होतें. कावळ्याच्या येण्यानें त्यावर शिक्का पडला, आणि आतां तें परत गिळतां येत नव्हतें. ह्या अर्थानें त्यांच्यावर भार टाकला होता, दुसऱ्या कोणावर नाहीं. म्हणून आमच्या परीक्षेंत तो उतरतो.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या आठवड्यांत थोरले खरोखरीच पुण्यास गेले. पहिल्या खेपेस धाकटा घरांत असून भेटला नाहीं. दुसऱ्या खेपेस त्यानें दार उघडलें, चहा दिला आणि वाटणीविषयीं चार कडक शब्द सुनावले. थोरल्यांनीं ते ऐकून घेतले. ताईंनीं नेलेली तुळस वाटेंतल्या उन्हानें वाळली, पण तिच्या मंजिऱ्यांतून त्यांनीं नवीं रोपें केलीं. वर्षश्राद्धास धाकटा आला. दोघे भाऊ शेजारशेजारच्या पानांवर बसले. बोलणें बेताचेंच झालें, आणि तेंही विहिरीच्या पाण्याविषयीं. पानावरून उठतांना धाकट्यानें दाव्याची पुढली तारीख विचारली. थोरल्यांनीं ती सांगितली, आणि न्यायालयांत एकाच गाडीनें जाऊं असें त्यांचें ठरलें.